राजवैभव, खोली नंबर सात

बोरीच्या स्टँडसमोरच्या लॉजचे मालक किशनराव आधी इतिहास ऐकवतात, मग चावी देतात. निजामाच्या काळात हा मुसाफिरखाना होता, पुढं जयहिंद विश्रांतीगृह झाला, वडलांनी प्रभावती लॉज केला, आणि या महापुरुषानं हॉटेल राजवैभव. मी शाळा तपासायला आलेली बाई, मला फक्त पाठ टेकायची होती.

ती टेकली, आणि पाच मिनिटांत ढेकणांनी अंग फोडून काढलं. गादी उचलून पाहिली, तर खाली फळ्यांच्या जागी जुन्या लाकडी पाट्या: मुसाफिरखाना, जयहिंद, प्रभावती. त्यांच्या फटींत ढेकणांची वस्ती, तीही शंभर वर्षांची असावी.

मी चावी काउंटरवर आपटली. "ढेकूण पोसता अन् इतिहास सांगता? थांबा, आत्ता फोनवर लिहिते. सगळ्या जिल्ह्यात राजवैभवचं नाव खराब करते."

"करा की," किशनराव शांतपणे म्हणाले आणि त्यांनी पेंटरला फोन लावला.

"अवधूत, नवं नाव रंगवायचंय. अन् राजवैभवची पाटी उतरवून आत आण, सात नंबरच्या खाटेला एक फळी कमीच पडायलीय."