पहिल्या पायरीवरचा फौजी

संध्याकाळी सात वाजता इस्लामपुरातल्या एका शाळेच्या वर्गात दारू सोडणाऱ्यांची मीटिंग सुरू झाली. थोड्या वेळाने वीरधवल दारात येऊन उभा राहिला. चपला काढाव्यात की नाही, हे त्याला ठरवता येईना.

"या आत, चपलासकट," आकाराम म्हणाले. "हितं सगळी एकाच वाटंनं आल्याती."

आकाराम एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. दारू सोडून त्यांना बरीच वर्षं झाली होती. नव्या माणसाला हाताला धरून दारू सोडायच्या बारा पायऱ्यांतल्या पहिल्या पायरीवर आणायचं काम गटात त्यांच्याकडे असे. वीरधवल फौजेतून हवालदार होऊन परतलेला, आता साखर कारखान्याच्या गेटवर. पाठ ताठ, दाढी घोटलेली. तोंडाला वास नव्हता. पहिल्या दिवशी सगळेच धुऊन-पुसून येतात, असं आकारामांनी मनात म्हटलं.

रिवाजाप्रमाणे एकेक जण उठला. "मी केरू. मी मद्यपी आहे." त्यावर सगळ्यांनी मिळून, "नमस्कार केरू."

वीरधवलची पाळी आली.

"माझं नाव वीरधवल." तो थांबला. "मिलिटरी कॅन्टीनच्या बाटल्या मीच घरात आणल्या. तिथनंच सुरू झालं." आणि तो खाली बसला.

"फौजी गडी," केरू म्हणाला. "कोटा संपवणं ही बी ड्युटीच की." लोक हसले. वीरधवलही थोडा हसला.

"दडवायच्या कुठं?" केरूने विचारलं. "माझ्या तर म्हशीच्या गव्हाणीत असायच्या."

"ज्वारीच्या डब्यात. लोणच्याच्या बरणीमागं."

"आणि घरात पत्ता लागला न्हाई?"

"लय उशिरा लागला."

चहाच्या वेळी आकाराम त्याच्या शेजारी येऊन बसले. वीरधवलच्या हातातला ग्लास काठोकाठ भरलेला होता. एक थेंबही सांडला नव्हता.

"त्ये वाक्य राहिलं तुझं," आकाराम म्हणाले. "मी मद्यपी आहे, एवढंच. पहिली पायरी तीच. त्ये ज्याचं त्यानंच म्हणायचं असतंय, दुसऱ्याला म्हणता येत न्हाई."

"जमंना, आप्पा."

"जमंल. घाई न्हाई."

मग वीरधवलने घरची गोष्ट सांगितली. सासूबाई, रंगूबाई, शिरवळहून आल्या होत्या. जावयाला उंबऱ्यातच उभं करून चारचौघांत बोलल्या आणि नातीला, रेश्माला, घेऊन गेल्या. घरातली दारू सुटल्याशिवाय पोरगी परत येणार नाही, हा त्यांचा शब्द. बायको, संयोगिता, मात्र आईबरोबर गेली नाही. गल्ली तेव्हापासून तिचंच कौतुक करते. एवढं सोसून नवऱ्यापाशी राहिली.

"बाईचं काळीज हाय," आकाराम म्हणाले. "तिच्यासाठी तरी सोड."

"तिच्यासाठीच आलोय."

त्याचे प्रश्न मात्र बारीक होते. सकाळी उठल्या उठल्या हात कापतात, त्याला काय करायचं? अन्न बघितलं की मळमळतं, मग खायला काय द्यायचं? आकारामांनी सगळं नीट सांगितलं. उपाशी राहायचं नाही. एकटं राहायचं नाही. जन्मभराची शपथ घ्यायची नाही, फक्त आजचा दिवस. कापरं वाढलं, भास व्हायला लागले, तर थेट दवाखाना. "तितं हिंमत दाखवायची न्हाई. म्या दाखवली हुती, मरता मरता वाचलो. आणि पहिला घोट घ्यायच्या आधी मला फोन. नंतर न्हाई, आधी."

फोन येऊ लागले. बहुतेक दुपारचे.

"आप्पा, तल्लफ आलीय. लय जोराची."

"गुळाचा खडा तोंडात टाक."

"गुळाचा खडा तोंडात टाकायचा," वीरधवल मोठ्याने म्हणाला. मागे कुठेतरी भांडं पडल्याचा आवाज आला.

"वर तांब्याभर पाणी पी. आणि बाहेर पड. चालत ऱ्हा."

"वर तांब्याभर पाणी. आणि चालायला जायचं."

"बहिरा न्हाई मी. वरडतोस कशाला रं?"

"चुकाय नको म्हणून, आप्पा."

आकारामांना हसू आलं. फौजी माणूस. हुकूम मिळाला की म्हणून दाखवणारच.

दर आठवड्याला वीरधवल येत राहिला. ते वाक्य तेवढं त्याने कधी म्हटलं नाही. मग महिन्याची खुली मीटिंग आली. तिला घरच्यांनाही येता येतं.

"सासूला बोलीव," आकाराम म्हणाले. "तिच्या कानावर पडू दे."

"बोलवलंय. तेवढं वाक्य माझ्या तोंडून ऐकलं, तर रेश्माला ठेवून जाते म्हणाल्यात." तो जायला उठला. मग म्हणाला, "म्हणतो, आप्पा. आता काय व्हायचं ते हू दे."

त्या संध्याकाळी रंगूबाई पुढच्याच बाकावर बसल्या. मांडीवर रेश्मा. मागच्या बाकावर वीरधवल, त्याच्या शेजारी संयोगिता. डोक्यावर पदर, मुठीत काहीतरी घट्ट धरलेलं. आकारामांनी तिला हात जोडले. नवऱ्याची आज परीक्षा, आणि घाम हिला फुटला होता.

पाळी येईपर्यंत रंगूबाईंना दम निघाला नाही. त्या मागे वळल्या.

"उठा की जावईबापू. प्यायला लाज वाटली न्हाई, बोलायला कशाची वाटतीय?"

वीरधवल उठला. कवायतीला उभा राहावा तसा, हात मांड्यांना चिकटवून.

"माझं नाव वीरधवल," तो म्हणाला. "मी..."

संयोगिताने त्याची बाही धरून त्याला खाली ओढलं.

"बसा तुमी."

ती उभी राहिली. मुठीतला गुळाचा खडा तिने बाकावर ठेवला. हात कापत होता. आईकडे बघत, पण सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "मी संयोगिता. मी मद्यपी आहे."