फोडलेली जोडी

वाटणी करताना सासऱ्यांनी घोडेगावच्या बाजारातून आणलेली बैलजोडी फोडली आणि दोन्ही मुलांना एकेक बैल दिला, तेव्हापासून भावाभावांचं बोलणं बंद होतं. बेचाळीस सालचा तो उन्हाळा थोरल्या सुनेनं, छबूबाईनं, जीव मुठीत धरून काढला. आज तर धाकटा दीर कुऱ्हाड घेऊन सामाईक विहिरीकडे गेला, आणि तिचा नवरा तिथंच होता. तिकडून आरडाओरडा ऐकू येताच ती अनवाणी धावत सुटली.

दिरानं कुऱ्हाडीनं तासलेलं नवं जू नवऱ्यानं धरलं होतं. दोघं आपापला बैल मोटेला जुंपत होते आणि ओरडत होते ते बैलांवर.

छबूबाई विहिरीपाशी येऊन थांबली.

काठावरून सासरे म्हणाले, "एका बैलावर मोट चालत न्हाई, पोरी. म्हनून तर जोडी फोडली."