छातीइतकं पाणी

“आकडा असा सांगा, की आईनं स्वतःच नको म्हणावं,” असं मुलानं कंत्राटदाराला सकाळीच फोनवर सांगून ठेवलं होतं. कंत्राटदार “बघू” म्हणाला. आता तो मागच्या अंगणात उकिडवा बसून टेप उलगडत होता आणि टेपचं दुसरं टोक आईच्याच हातात होतं.

गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी तिला पाण्यात चालायला सांगितलं होतं. रोज अर्धा तास, छातीइतक्या पाण्यात. सार्वजनिक स्विमिंग पूलच्या पायऱ्या तिला उतरवत नव्हत्या. घरीच छोटासा पूल बांधला तर, असं तिनं महिनाभर मनात घोळवून एकदाचं विचारलं होतं. मुलाकडे पैसे नव्हते असं नाही. नाही म्हणायला तोंड नव्हतं, म्हणून त्यानं दुसऱ्याचं तोंड शोधलं.

कंत्राटदाराची कामाची एक पद्धत होती. कागदावर काही दाखवायचं नाही. चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर रेघा मारायच्या आणि गिऱ्हाइकाला आत उभं करायचं. एकदा आत उभा राहिलेला माणूस सहसा माघार घेत नाही, हा त्याचा वीस वर्षांचा अनुभव. आज माघारच घ्यायला लावायची होती, पण हात सवयीनं चालत राहिला. पाच मिनिटांत गवतावर पांढरा चौकोन उमटला.

“या मावशी, उतरा पाण्यात,” तो बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

आईनं चपला रेघेबाहेर काढल्या. आत पाय ठेवला आणि पाण्यावर टेकवावेत तसे दोन्ही हात पसरून ती चालू लागली. सावकाश टोकापर्यंत गेली, वळली, परत आली. “गार आहे हो,” म्हणाली आणि स्वतःच हसली.

मुलगा हसला नाही. ती आधाराशिवाय इतकी पावलं चालल्याचं त्यानं बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. कंत्राटदाराला खुणेनं थांबवावं, असं त्याला अगदी मनापासून वाटलं. तो खिशात हात घालून उभा राहिला.

“किती येईल मग?” आईनं विचारलं.

कंत्राटदारानं वही उघडली. खोदाई, काँक्रीट, टाइल्स, दिवे, पंप, पाणी गाळायचं यंत्र. एकेक वाचत गेला आणि शेवटी “बारा लाख” म्हणाला. खरा आकडा सहाच्या आत होता. ते दोघांनाच ठाऊक होतं, आणि दोघंही वहीत बघत होते.

“अगं बाई,” आई म्हणाली. मग जरा विचार करून, “मला काय शर्यतीत पोहायचंय? लांबी अर्धी करा.”

कंत्राटदारानं मधोमध नवी रेघ मारली आणि पलीकडची पायानं पुसली.

“दिवे नकोत. टाइल्सही नकोत, साधा गिलावा चालेल. आता?”

“दहा,” तो मान वर न करता म्हणाला. “खाली खडक आहे ना, मावशी. फोडण्यातच पैसे जातात.”

“खडक? अहो, इथं माझे गुलाब होते. हातभर खणलं तरी माती भुसभुशीत.”

कंत्राटदारानं मुलाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आता खरं बोलायची, निदान गप्प बसायची तरी सोय होती.

“त्याच्या खाली लागतो, आई,” मुलगा म्हणाला. “शेजारच्यांनाही लागला होता.”

आईशी इतकं सरळसोट खोटं तो कधीच बोलला नव्हता. तिनं ते लगेच खरं धरलं, हे त्याला जास्त लागलं.

“मग राहू दे,” ती म्हणाली. “अंथरूण पाहून पाय पसरावेत. माझे तर तसेही पसरत नाहीत.”

ती रेघेबाहेर आली. मुलानं हात पुढे केला, तर तिनं त्यावर सगळा भार टाकला. चपलेत पाय सरकवता सरकवता म्हणाली, “तू तोंड पाडू नकोस रे. माणसाला घरी बोलावलंस, मोजून घेतलंस. किती मुलं एवढं करतात?”

मुलानं नुसती मान हलवली.

“तुमचे यायचे किती झाले, भाऊ?”

“काही नको, मावशी.” कंत्राटदार टेप गुंडाळायच्या मागे लागला.

“असं कसं? तुमची खेप फुकट गेली.” आई उरलेल्या अर्ध्या चौकोनाकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा उजळला. “असं करा. एवढ्यात याची गाडी बरोबर बसेल, नाही का? गाडीला छप्पर घालायचं याच्या कधीचं मनात आहे. माझ्या गुडघ्यांपायी बिचारा बोलला नाही. आलाच आहात, तर त्याचा आकडा सांगून जा. मी चहा टाकते.”

भिंतीला धरत, एक पाय ओढत ती घराकडे निघाली. मुलगा जागचा हलला नाही.

कंत्राटदारानं वहीचं कोरं पान काढलं. आई दाराआड जाईपर्यंत तो पेन्सिल धरून थांबला. मग हलक्या आवाजात त्यानं विचारलं, “याचा खरा सांगायचा ना, साहेब?”