पाच किंवा पन्नास

“पाँच लाइसेंस या पचास, मॅडम. बीच का कुछ सिस्टम में है ही नहीं,” स्क्रीनवरचा अरोरा म्हणाला.

गोंदियातल्या संस्थेच्या ऑफिसात रंजिता त्याच्याशी बोलत होती. त्याच्या कंपनीशी हा तिचा चौथा कॉल. २०१८ चा मार्च संपत आला होता, आणि एक एप्रिलपासून कंपनी व्हिडिओ कॉलची फुकटची योजना बंद करणार होती.

“हमको आठ चाहिए. सात सेंटर और एक हम. आठ का पूरा पैसा पास में है. डिस्काउंट तो मैं माँग ही नहीं रही.”

“पचास लीजिए, मैं चालीस परसेंट गिरा देता हूँ.”

“पचास का मैं क्या करूँगी?”

अरोरा माणूस वाईट नव्हता. साहेबांकडे तिचं प्रकरण तो तीनदा घेऊन गेला होता.

रंजिताच्या शेजारी भूपेंद्र बसला होता. वर्ग तोच घ्यायचा. रोज पाच ते सहा याच टेबलाशी, कॅमेऱ्यासमोर बसून तो सात केंद्रांवरच्या बहिऱ्या मुलांना हातांच्या खुणांनी शिकवायचा. स्वतः तो जन्मापासून बहिरा. अरोराच्या ओठांकडे तो डोळे बारीक करून पाहत होता. हिंदी ओठ त्याला नीट वाचता येत नसत.

“पाँच-पाँच के दो पॅक दे दो,” रंजिता म्हणाली.

“एक संस्था, एक पॅक.”

“तो पाँच में ही बारी-बारी से चलाऊँगी. आज सालेकसा, कल देवरी.”

“लाइसेंस मशीन से बँधा रहता है, मॅडम.”

दुसऱ्या कंपन्यांची सॉफ्टवेअरं तिनं लावून पाहिली होती. जंगलपट्टीतल्या नेटवर्कवर त्यांचं चित्र अडकायचं. हात अर्ध्यावर थांबला की शब्दच बदलतो. मुलं गोंधळून एकमेकांकडे बघायची. अरोराच्या कंपनीचं हे एकच चालत होतं.

“एक काम कीजिए,” अरोरा एकदम उत्साहानं म्हणाला. “चार सेंटर व्हिडिओ पे रखिए. बाकी तीन को ऑडिओ पे जोड़ लीजिए. वो फ्री है. आवाज़ तो एकदम साफ…”

तो थांबला. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“सॉरी, मॅडम.”

“काय म्हणाला?” भूपेंद्रनं खुणेनं विचारलं.

रंजितानं हाताची पाच बोटं दाखवली आणि मान खाली घातली. त्यातलं एक तुमचं, उरली चार, हे तिला सांगावं लागलं नाही. भूपेंद्रनं समोरचा कागद ओढला. त्यावर सात केंद्रांची नावं होती. त्यानं एकेका नावावरून बोट फिरवलं. मग त्यानं कागद तिच्याकडे सरकवला आणि हात मांडीवर ठेवले.

तीन नावं रंजितानं खोडली. कामठ्याची मुलं गोंदियाला एसटीनं येऊ शकत होती. दरेकशाची तीन मुलं सालेकशाला मामाकडे, मावशीकडे राहू शकतील, असं ती धरून चालली. तिसरं केशोरी. तिथं एकटी दिव्या होती, नऊ वर्षांची. तिच्यासाठी काय धरून चालावं, ते रंजिताला सुचलं नाही.

तिनं केशोरीच्या सुमनबाईंना फोन लावला. त्यांच्याच खोलीत लॅपटॉप ठेवलेला होता.

“बंद होऊन राहिलं?” सुमनबाई म्हणाल्या. “अन् पोरीले सांगन कोन? मले तिची बोली कुठं येते, बाई. तिच्या मायलेबी येत नाही. जेव, झोप, चाल, इतकंच होते हातानं. बाकी तिचं बोलनं पाचले सुरू होते अन् सहाले संपते.”

“भूपेंद्रसर सांगतील,” रंजिता म्हणाली.

शेवटच्या दिवशी भूपेंद्रनं पावणेसहालाच धडा थांबवला. स्क्रीनवरच्या सात चौकोनांतली मुलं त्याच्याकडे बघू लागली. त्यानं हात उचलले, तेवढ्यात केशोरीच्या चौकोनात दिव्यानं हात वर केला. तिला काही सांगायचं होतं. भूपेंद्रनं स्वतःचे हात खाली घेतले.

दिव्या आईसोबत मोहफुलं वेचायला गेली होती. पहाटेची वेळ. टोपली अर्धी भरली होती. आणि पलीकडच्या झाडाखाली आणखी कोणीतरी फुलं वेचत होतं. तिला वाटलं, काकूच आहे. तिनं खांदे वाकवून ती काकू कशी चालत होती ते दाखवलं. मग नखं दाखवली. चिचगडची पोरं उठून उभी राहिली. अर्जुनीच्या एका मुलीनं तोंडावर हात ठेवला. अस्वल दिव्याकडे वळलं होतं.

सहाला पाच मिनिटं कमी होती. केशोरीची वीज रोज सहाला जायची, सोबत नेटही. रंजितानं टेबलावर बोटं आपटली. थरथर भूपेंद्रला कळली. त्यानं तिच्याकडे पाहिलं, पण पोरीला थांबवलं नाही.

आई कुठं होती, टोपली कुठं पडली, सगळं दिव्या सावकाश सांगत होती. तिला घाई नव्हती. मागं बाजेवर सुमनबाई पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. पोर काय सांगते आहे ते त्यांना कळत नव्हतं.

भूपेंद्रचे हात पुन्हा वर आले. दिव्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, हसली, आणि भरभर खूण केली.

पुढचं उद्या.

बाकीच्या सहाही चौकोनांतली पोरं चिडून हात हलवू लागली. दिव्या भूपेंद्रकडे बघत होती. त्यानं मान हलवली. हो.

मग केशोरीची वीज गेली.