नोटीस भाऊबीजेनंतर

वकीलबाईंच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, ती बैठकीतही ऐकू आली. कागद बाजूला ठेवत त्या हेमांगीला म्हणाल्या, "वडिलांच्या घरात तुझा हिस्सा पक्का आहे गं. पण भावाला नोटीस भाऊबीज झाल्यावरच धाडेन."

भाऊ तर घर परस्पर विकायला निघालेला. उभी हयात जमीनजुमल्याचे खटले लढलेली ही बाई सणासाठी का थांबतेय, ते हेमांगीला कळेना.

"सण तोंडावर आलाय. आधी ओवाळ, मग तिथंच हिस्सा माग. माझे निम्मे दावे पाटावरच मिटतात."

"आणि उरलेले?"

"ते मी जिंकते!"

हेमांगी हसली. मांडीवरची लेक मात्र तिच्याकडे टक लावून बघत होती.

"आई, आपण मामाला ओवाळायला जायचं की भांडायला?"