एकाचा पत्रा

मैदानाच्या स्कोअरबोर्डवर मी पत्र्याचे आकडे टांगतो, दोन्ही बाजूंना शून्य ते नऊ एकेकच. देशाच्या कुमार फुटबॉल संघाचं शून्य खिळ्यालाच गंजून चिकटलंय. तीन स्पर्धांत जागचं हललं नाही. आज पाहुण्यांचे अकरा गोल होताच एकाचा दुसरा पत्रा आमच्याच संचातून उचलून त्यांच्याकडे टांगला. आपल्याला कशाला लागतोय! आणि शेवटच्या मिनिटाला पोरांनी चक्क गोल मारला. कण्हतकुथत शिडी चढलो, तो पत्रा काढून आमच्या शून्यावर टांगला, तोच शिट्टी वाजली. बोर्डावर एक-एक बरोबरी! खालून मैदानाचे साहेब ओरडले, “अहो, त्यांचे अकरा!” “एकाचे पत्रेच दोन आहेत.” “मग आपलं शून्यच ठेवा!” अकरा गोल खाल्लेला गोलकीपर बोर्डाखाली मोबाइल काढत म्हणाला, “काका, आईला फोटो पाठवतो.” मी उतरून शिडी आडवी केली, तिच्यावरच बसलो. “साहेब, गुडघे गेलेत. जरा दम खाऊ द्या.”