दसऱ्याची फेरी

दसऱ्याला विमानाची पूजा झाली, नारळ फुटला, की साडूला एक फेरी मारून आणायची हा उन्मेषचा शिरस्ता होता. यंदा तर त्याने हौसेने विमानाचा मेंदूही नवा बसवून घेतला होता.

त्याची बायको केतकी नेहमीसारखी शेजारी, दुसऱ्या सुकाणू-दांडीसमोर बसली. विमान घेतलं त्या वर्षी तिने एकदा चालवायला मागितलं होतं. "तुझा हात थरथरतो," असं तो चारचौघांत हसून म्हणाला. तिने पुन्हा विषय काढला नाही.

फेरी मारून परतताना धावपट्टी समोर आली. "बघा मिलिंदराव, कसं अलगद टेकवतो," उन्मेष मागे बसलेल्या साडूला म्हणाला.

"उजवा पंख झुकला होता, सावरला," विमान बोललं. "वेग फार कमी केलात, वाढवला. नाक खाली गेलं होतं, उचललं."

नव्या नियमाने विमानांना मालकाच्या चुका गुपचूप दुरुस्त करायला बंदी होती. प्रत्येक चूक मोठ्याने सांगावी लागे.

चाकं अलगद टेकली. मिलिंदराव खिडकीबाहेर बघत राहिले. उन्मेषचे कान तापले.

"जुना मेंदू असल्या दुरुस्त्या करत नव्हता," तो पुटपुटला.

"करायचा, गुपचूप," केतकी त्याच्या कानाशी म्हणाली. "तुझी दांडी तुझं ऐकते, माझ्यासमोरची विमानाचं. तू एकीकडे ढकललीस की माझी दुसरीकडे जायची. पहिल्या दिवसापासून बघतेय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझा हात थरथरतो, हे चारचौघांत कसं सांगायचं?"